गाउट, गुडघे आणि डिसॅबिलिटी पेन्शन: पुण्यातल्या दावा-सेवांचं परीक्षण

पुण्यात माजी सैनिकाच्या कामाच्या खिडक्यांना तोटा नाही. वानवडीला कमांड हॉस्पिटल, खडकीला मिलिटरी हॉस्पिटल, खडकीतच बॉम्बे सॅपर्स या लष्करी इंजिनिअर दलाचं केंद्र आणि सैनिकांच्या नोंदी ठेवणारं त्यांचं रेकॉर्ड ऑफिस, घोरपडीला राष्ट्रीय युद्ध स्मारकासमोर राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्य कार्यालय. शिवाय जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची पॉलिक्लिनिकं, डिफेन्स पेन्शनचं कार्यालय, स्पर्श या ऑनलाइन पेन्शन यंत्रणेची सेवाकेंद्रं, आणि पैसे घेऊन दावे लढवून देणारे सल्लागार. एवढं सगळं असूनही गाउट (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा आजार), गुडघ्याची झीज किंवा कमरेच्या संधिवाताचा दावा फेटाळल्याचं पत्र घेऊन फिरणारे हवालदार-सुभेदार याच शहरात भेटतात.

याचं कारण बहुतेक वेळा आळस किंवा वाईट हेतू नसतं. प्रत्येक खिडकी कागद घेते आणि पुढे पाठवते. त्या कागदात काय लिहिलंय ते वाचून दावेदाराला समजावणं मात्र कुणाच्याच कामाच्या यादीत नीट बसत नाही. म्हणून इथे एकच निकष लावला आहे: मेडिकल बोर्डाचा, म्हणजे अपंगत्व ठरवणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाचा, फॉर्म उघडून, त्यातला कारणाचा रकाना वाचून मग पुढचं बोलतात का? जिथे बोलतात ती सेवा चांगली. जिथे नुसतं ‘अर्ज द्या, पाठवून देतो’ म्हणतात तिथे अर्ज जातो, दावा आहे तिथेच राहतो.

ज्या फॉर्मवर सगळं अडतं

फॉर्मचं नाव एएफएमएसएफ-16. नोकरी संपताना होणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाची कार्यवाही याच फॉर्मवर लिहितात. आधीच्या भागात जवानाचं स्वतःचं निवेदन असतं: कुठे कुठे पोस्टिंग झालं, ते पीस (शांत भागातलं) होतं की फील्ड (सीमेवरचं किंवा कारवाईच्या भागातलं), त्रास कधी आणि कुठे सुरू झाला, नोकरीतल्या कोणत्या गोष्टीमुळे तो झाला किंवा वाढला असं वाटतं. मग तज्ज्ञाची तपासणी. त्यानंतर बोर्डाचं मत. प्रत्येक व्याधीपुढे तीन प्रश्न असतात: सेवेमुळे झाली का, सेवेमुळे वाढली का, की सेवेशी संबंधच नाही? शेजारी कारणाचा रकाना. शेवटी टक्केवारीचा तक्ता.

या तक्त्यात लोक हमखास फसतात. एका रकान्यात ‘20 टक्के, फॉर लाइफ’ असं दिसतं आणि माणूस निश्चिंत होतो. त्याच ओळीत उजवीकडे ‘पेन्शनसाठी ग्राह्य निव्वळ टक्केवारी’ असा आणखी एक रकाना असतो आणि तिथे ‘निल फॉर लाइफ’ लिहिलेलं असतं. बोर्डाने 20 टक्के अपंगत्व मान्य केलं, पण ते सेवेशी जोडलं नाही, म्हणून पेन्शनसाठी शून्य, असा त्याचा अर्थ. फौजेत याला ‘नाना’ म्हणतात: ना सेवेमुळे झालं, ना सेवेमुळे वाढलं. तुमचा फॉर्म हातात घेणाऱ्या माणसाने आधी हा उजवा रकाना पाहिला नाही, तर त्याचा सल्ला घेण्यात अर्थ नाही.

गाउटच्या बाबतीत कारणाच्या रकान्यात साधारण दोन वाक्यं येतात. एक, हा चयापचयाचा, शरीरप्रकृतीचा विकार आहे, सेवेशी संबंध नाही. दोन, त्रासाची सुरुवात पीस एरियात झाली, फील्ड, हाय अल्टिट्यूड किंवा काउंटर इन्सर्जन्सीच्या (बंडखोरीविरोधी) नोकरीशी जवळचा काळसंबंध नाही. दोन्हींना उत्तर आहे, पण ते वेगवेगळं आहे. पहिल्याला वैद्यकीय उत्तर लागतं. दुसऱ्याला पोस्टिंगच्या तारखा लागतात. दोन्हींना एकच भावनिक अर्ज जोडणं ही पुण्यातच नव्हे, सगळीकडे दिसणारी चूक आहे.

बोर्डापूर्वीची तयारी: मिलिटरी हॉस्पिटल आणि ईसीएचएस

तपासणीच्या बाबतीत पुण्यात रडण्यासारखं काही नाही. तज्ज्ञ आहेत, यंत्रं आहेत. फक्त आपल्याला नेमकं काय मागायचं ते माहीत हवं.

‘युरिक ॲसिड वाढलंय’ हे निदान नव्हे. रक्तात युरिक ॲसिड जास्त आहे पण सांध्याला त्रास नाही, अशा स्थितीवर दावा उभा राहत नाही. गाउट म्हणजे सांध्यात युरेटचे स्फटिक साठून येणारी सूज. रक्तातलं प्रमाण डेसिलीटरला 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेलं की हे स्फटिक तयार होऊ लागतात. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे सुजलेल्या सांध्यातलं पाणी सुईने काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. सुईसारखे स्फटिक दिसले की निदानावर वाद उरत नाही. हे सूज असतानाच करून घ्यावं. सूज उतरल्यावर पाणी मिळणं अवघड.

इथे एक घोळ वारंवार होतो. ऐन झटक्यात रक्त तपासलं तर युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. तो रिपोर्ट फाइलला लागतो आणि पुढे बोर्डासमोर ‘युरिक ॲसिड नॉर्मल’ एवढंच दिसतं. झटका ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासून तो रिपोर्टही शेजारी लावून घ्यायचा. पाणी काढणं जमलं नाही तर अल्ट्रासाउंड किंवा ड्युअल एनर्जी सीटीवर युरेटचा साठा दिसू शकतो. जुन्या आजारात साध्या एक्स-रेवरही हाडाला पोखरल्यासारख्या खाचा दिसतात.

दुसरी अडचण शब्दांची. पायाचा अंगठा रात्रीत टम्म फुगला, चादरीचा स्पर्श सहन होईना, आणि युनिटच्या एमआय रूममध्ये, म्हणजे छोट्या दवाखान्यात, नोंद झाली ‘जॉइंट पेन’. गोळी मिळाली, माणूस ड्युटीवर परतला. दहा वर्षांनी बोर्ड विचारतो, सुरुवात कधी? तेव्हा शेवटच्या पीस पोस्टिंगमधली पहिली नीट नोंद धरली जाते आणि सियाचीन-लेहमधला त्रास हिशेबातच येत नाही. अजून नोकरीत असलेल्यांनी हे आजपासून सांभाळावं. प्रत्येक झटक्याची नोंद, कोणता सांधा, कोणत्या बाजूचा, किती दिवस ड्युटीतून सूट मिळाली, हे कागदावर यायला हवं.

गुडघ्याचा एक्स-रे झोपवून काढलेला असेल तर तो पुन्हा उभं राहून काढून घ्या. वजन पडल्यावर कूर्चेची जागा किती कमी होते ते त्यातच कळतं. गुडघा किती वाकतो ते अंशांत मोजून लिहायला सांगा. ‘हालचाल मर्यादित’ या शब्दांवरून टक्केवारी ठरवणं बोर्डालाही अवघड जातं. कमरेच्या संधिवाताला, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसला, एचएलए-बी 27 ही रक्ततपासणी आणि सॅक्रोइलियाक सांध्यांचा एमआरआय लागतो. सकाळी किती वेळ कंबर आखडलेली असते तेही लिहून घ्या.

ईसीएचएसची सेवा उपचारासाठी आहे आणि त्या कामात ती उपयोगी आहे. निवृत्तीनंतरचे सलग प्रिस्क्रिप्शन, रिपोर्ट आणि रेफरल हा आजार चालू असल्याचा चांगला पुरावा ठरतो. पण आजार नोकरीत सुरू झाला हे त्या कागदांनी सिद्ध होत नाही. ते काम नोकरीतल्या नोंदींचंच.

सेवेशी दुवा कसा जोडायचा

गाउट हा शरीरप्रकृतीचा विकार आहे हे म्हणणं अर्धं बरोबर आहे. आनुवंशिकता असतेच. पण युरिक ॲसिड वाढवणाऱ्या बाकीच्या गोष्टीही वैद्यकीय पुस्तकांत आहेत: उंचीवरचा कमी प्राणवायू, पाण्याची कमतरता, रक्तदाबासाठी दिलेल्या थायझाइडसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, हृदयासाठी रोजची कमी डोसची ॲस्पिरिन, मूत्रपिंडाचं काम मंदावणं. यातलं तुमच्या बाबतीत काय खरं आहे ते तारखेसकट मांडा. रक्तदाब सेवेमुळे वाढलेला म्हणून मान्य झाला असेल, त्यासाठी थायझाइड चालू झाली आणि त्यानंतर गाउटचा पहिला झटका आला, तर हा क्रम निवेदनात सरळ लिहावा. आजार वेगळे, पण कारणाची साखळी एकच. हा मुद्दा बहुतेक अर्जांत निसटलेला असतो.

दारू आणि वजन यांचे प्रश्न बोर्ड विचारणारच. खरं सांगा. खोटं उत्तर जुन्या नोंदीशी जुळलं नाही की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

गाउटसाठी ‘सेवेमुळे झाला’ यापेक्षा ‘सेवेमुळे वाढला’ हा दावा जास्त टिकतो. पेन्शनच्या रकमेत दोन्हींत फरक नाही, त्यामुळे मोठ्या शब्दाचा हट्ट नको. गुडघ्याचं उलट आहे. परेडवर, पॅरा जंपमध्ये किंवा गस्तीवर दुखापत झाली असेल आणि इंज्युरी रिपोर्ट, म्हणजे आयएएफवाय-2006, भरलेला असेल, तर ‘सेवेमुळे झाला’ असाच दावा करा आणि त्या रिपोर्टची प्रत जोडा.

नोकरी कधी संपली त्यावर नियम ठरतात. 2008 पूर्वी निवृत्त झालेल्यांना 1982 चे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे पेन्शनची पात्रता ठरवणारे नियम, लागतात. त्यांच्या परिशिष्टात हवामानाचा परिणाम होणाऱ्या आजारांत संधिवात आणि आर्थ्रायटिस आहेत, आणि प्रशिक्षण, मार्चिंग, फार वेळ उभं राहणं यांचा परिणाम होणाऱ्यांत मणक्याचा व गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस आहे. जुन्या माणसांसाठी हा फार मोलाचा आधार आहे आणि अर्जात तो क्वचितच दिसतो. 1 जानेवारी 2008 पासूनच्यांना 2008 चे नियम आणि 21 सप्टेंबर 2023 नंतरच्यांना 2023 चे. 2023 च्या नियमांत पूर्ण नोकरी करून निवृत्त होणाऱ्यांसाठी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ अशी वेगळी संज्ञा आली आहे. पुढे दिलेला टक्केवारीचा हिशेब त्यांनी आपल्याला जसाच्या तसा लागू आहे असं धरू नये.

2008 च्या नियमांत दोन मुदती लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. नोकरी संपताना आजार नव्हता पण त्यानंतर 7 वर्षांच्या आत उद्भवला, आणि तो नोकरीतच सुरू झालेल्या प्रक्रियेचा उशिरा दिसलेला परिणाम आहे असं सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याने म्हटलं, तर दावा होऊ शकतो. एरवी पुराव्याचा भार दावेदारावर नसतो. पण निवृत्तीनंतर 15 वर्षांनी, जुने कागद नष्ट झाल्यावर दावा केला तर तो भार दावेदारावर येतो. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांचं नुकसान इथे होतं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि रेकॉर्ड ऑफिस

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची सेवा मोफत आहे. अर्जाचा नमुना, ओळखपत्राच्या आणि डिस्चार्ज बुकाच्या प्रती, कोणत्या पत्त्यावर काय पाठवायचं, नोंदवही क्रमांक घेऊन पाठपुरावा, या कामांसाठी पहिली पायरी हीच असावी. वयस्कर माणसासाठी किंवा वीरपत्नीसाठी तर नक्कीच. बोर्डाच्या वैद्यकीय मताला उत्तर लिहून मिळेल ही अपेक्षा मात्र तिथून ठेवू नये. ते त्यांचं काम नाही. 2025 च्या जुलैपासून नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) वीर परिवार सहायता योजनेत सैनिक कल्याण कार्यालयांमध्ये मोफत कायदेशीर मदतीची केंद्रं सुरू करण्याची तरतूद आहे. कार्यालयात गेल्यावर त्याचीही चौकशी करा. वकिलाचा पहिला सल्ला पैसे न देता मिळू शकतो.

रेकॉर्ड ऑफिस कोणतं हे पुण्यात राहण्यावरून ठरत नाही, रेजिमेंटवरून ठरतं. सॅपर्सचं खडकीला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, आर्टिलरीचं नाशिक रोडला, आर्मर्डचं अहिल्यानगरला. चुकीच्या रेकॉर्ड ऑफिसला गेलेला अर्ज फिरत राहतो आणि अपिलाची मुदत मात्र संपत चाललेली असते.

बोर्डाची प्रत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, केंद्राच्या पोर्टलवरून घरबसल्या होतो, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात ‘माझी सगळी कागदपत्रं द्या’ असं लिहू नका. रिलीज मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, भरतीच्या वेळचा वैद्यकीय तपासणी फॉर्म, हॉस्पिटल ॲडमिशनच्या केसशीट, मेडिकल कॅटेगरी बदलल्याच्या नोंदी आणि पोस्टिंगचा तक्ता, असं एकेक नाव घेऊन मागा. भरतीच्या वेळचा फॉर्म विशेष महत्त्वाचा. सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, आणि नंतरचा आजार सेवेशी संबंधित नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. 2025 मध्ये राजुमोन टी. एम. प्रकरणात कोर्टाने बोर्डाने कारणं द्यायलाच हवीत हे पुन्हा ठामपणे मांडलं. मात्र 2019 चा नरसिंग यादव निकालही वाचा. नोकरीत आजार दिसला म्हणजे आपोआप पेन्शन, असं नाही, हे त्यात स्पष्ट आहे. फक्त पहिला निकाल दाखवून ‘केस शंभर टक्के आपली’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

पैशाचा हिशेब

हा हिशेब कोणत्याही खिडकीवर सहसा मांडून दाखवत नाहीत, म्हणून इथे सविस्तर. 100 टक्के अपंगत्वाला डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा हिस्सा, शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के. शेवटच्या वेतनात मूळ पगार, मिलिटरी सर्व्हिस पे (एमएसपी) आणि लागू असेल तर एक्स ग्रुप पे व क्लासिफिकेशन अलाउन्स येतात. समजा मूळ पगार 40,000 आणि एमएसपी 5,200, म्हणजे 45,200. त्याचे 30 टक्के 13,560. 20 टक्के अपंगत्वाला सरळ हिशेबाने 2,712 रुपये महिना.

पण इथे ब्रॉड बँडिंग येतं. 50 पेक्षा कमी असेल तर 50 धरायचं, 50 ते 75 असेल तर 75, 76 ते 100 असेल तर 100. हे आधी 2001 च्या आदेशाने फक्त बोर्डाने घरी पाठवलेल्यांना होतं. सुप्रीम कोर्टाच्या 10 डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालाने पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही मिळालं. त्यामुळे वरच्या उदाहरणात 2,712 ऐवजी 6,780 रुपये महिना, त्यावर महागाई सवलत वेगळी.

दोन व्याधी असतील तर टक्के सरळ मिळवत नाहीत. गुडघ्याचे 30 आणि गाउटचे 20 असतील तर आधी 30, मग उरलेल्या 70 चे 20 टक्के म्हणजे 14, एकूण 44. ब्रॉड बँडिंगने 50. म्हणजे नुसत्या गाउटलाही 50 आणि दोन्ही मिळूनही 50. पण गुडघ्याचे 40 असतील तर 40 अधिक 12, एकूण 52, आणि 52 चे 75 होतात. महिन्याला 6,780 च्या जागी 10,170. त्यामुळे दुसऱ्या व्याधीवर अपील करण्याआधी हा हिशेब करा. काहींच्या बाबतीत त्या भांडणातून एक रुपयाही वाढत नाही, काहींच्या बाबतीत पायरीच बदलते.

20 ची रेषाही लक्षात घ्या. ‘15 ते 19 टक्के’ असं मूल्यमापन झालं आणि माणूस पूर्ण नोकरी करून निवृत्त झाला, तर डिसॅबिलिटी एलिमेंट मिळत नाही. सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये एस. पी. राठोड प्रकरणात हे स्पष्ट केलं. आजारामुळे मध्येच घरी पाठवलं असेल तर गोष्ट वेगळी. सुखविंदर सिंगच्या 2014 च्या निकालाने अशा माणसाचं अपंगत्व किमान 20 टक्के धरायचं. स्वतःहून लवकर निवृत्ती घेतलेल्यांना 1 जानेवारी 2006 पासून डिसॅबिलिटी एलिमेंट मिळू शकतं. ‘तुम्ही स्वतः सोडलंत, तुम्हाला नाही’ हे अजूनही ऐकवलं जातं, ते चूक आहे.

अपील, ट्रिब्युनल आणि पैसे घेणारे

फेटाळणीचं पत्र मिळाल्यापासून 6 महिन्यांत पहिलं अपील. तेही फेटाळलं तर 6 महिन्यांत दुसरं. दोन्ही मोफत आणि दोन्ही स्वतः करता येतात. अपिलाचा मजकूर दोन पानांपेक्षा मोठा नको. बोर्डाच्या कारणाच्या रकान्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवा, त्याखाली एकेक मुद्द्याचं उत्तर, प्रत्येक उत्तरापुढे जोडलेल्या कागदाचा क्रमांक. देशसेवेची वर्षं, घरची परिस्थिती हे सगळं खरं असतं, पण अपील कमिटीला वैद्यकीय मत बदलायला त्याचा आधार घेता येत नाही.

अपिलावर 6 महिन्यांत निर्णयच आला नाही तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचा, म्हणजे सैन्यदलांसाठीच्या न्यायाधिकरणाचा, दरवाजा उघडतो. महाराष्ट्रासाठी मुंबई खंडपीठ. पुण्यातून वकील करावा की मुंबईतून, हा प्रश्न नेहमी येतो. आमच्या मते शहरापेक्षा एकच गोष्ट पाहा: पहिल्या भेटीत तो बोर्डाचा फॉर्म मागतो की वकीलपत्रावर सही मागतो. फॉर्म वाचून ‘गाउट अवघड आहे, गुडघा भक्कम आहे’ असं तोंडावर सांगणारा वकील चांगला.

थकबाकीतला हिस्सा मागणाऱ्याला नकार द्या. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं वकिलाला मना आहे. आकडा किती मोठा होतो ते पाहा. ट्रिब्युनल साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या 3 वर्षांपुरतीच थकबाकी देतं, तो तरसेम सिंगच्या 2008 च्या निकालाचा परिणाम. वरच्या उदाहरणात 36 महिन्यांचे 2,44,080 रुपये. त्यातले 20 टक्के म्हणजे 48,816 रुपये, आणि त्या बदल्यात ‘सल्लागार’ बहुतेक वेळा एक माहिती अधिकाराचा अर्ज आणि एक छापील अपील देतो. ठरावीक फी, लेखी पावती, आणि कोणत्या टप्प्याला किती हे आधीच कागदावर. सेवानिवृत्त माणसाचे ओरिजिनल डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) कुणाकडेही ठेवू नयेत. प्रत द्या, मूळ दाखवून परत घ्या.

जिंकल्यावरही प्रकरण संपेलच असं नाही. ट्रिब्युनलच्या आदेशाविरुद्ध हायकोर्टात रिट करता येते हे सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये परशोत्तम दास प्रकरणात मान्य केलं आहे. फी ठरवताना हा टप्पा धरलाय का ते विचारा.

इंटरनेटवरचा सल्ला

गाउट आणि व्हेटरन असं शोधलं की पानंच्या पानं अमेरिकेची येतात. तिथली पद्धत वेगळी आहे. त्यांच्या व्हेटरन्स अफेअर्स विभागात गाउटचा कोड 5017 आहे आणि टक्केवारी त्यांच्या स्वतःच्या तक्त्यावरून ठरते. मुलं-नातवंडं प्रेमाने ती पानं छापून आणतात आणि अर्जाला जोडतात. आपल्या बोर्डाला ती लागू नाहीत. त्यातली एकच सवय घेण्यासारखी आहे: झटक्यांची डायरी. तारीख, सांधा, किती दिवस चालता आलं नाही, कोणती गोळी, कुठे दाखवलं. फेरतपासणी मागायची असेल तेव्हा ही डायरी आणि सोबतची प्रिस्क्रिप्शनं फार कामाला येतात. फेरतपासणीची सोय 2001 पासून आहे: कायमचं ठरलेलं अपंगत्व सरकार आपणहून पुन्हा तपासत नाही, पण त्रास वाढला तर माणूस स्वतः रिव्ह्यू मेडिकल बोर्ड मागू शकतो. त्या बोर्डाचा आकडा अंतिम असतो आणि तो खालीही येऊ शकतो. उपचाराने झटके थांबले असतील, युरिक ॲसिड 6 च्या खाली स्थिर असेल, तर फेरतपासणी मागण्याआधी दहा वेळा विचार करा. आणि दाव्यासाठी गोळ्या बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका. न आवरलेला गाउट सांधे आणि मूत्रपिंड दोन्ही खराब करतो.

स्पर्श

स्पर्शमुळे पीपीओ आता ऑनलाइन दिसतो आणि ही खरोखरच चांगली सुधारणा आहे. पूर्वी दुरुस्तीचा पीपीओ निघाला की नाही हे कळायलाच महिने जायचे. दावा मंजूर झाल्यावर पहिलं काम म्हणजे सुधारित पीपीओ उघडून डिसॅबिलिटी एलिमेंटची ओळ वाचणं. टक्केवारी 20 दिसते की 50, कालावधी ‘फॉर लाइफ’ आहे की काही वर्षांपुरता, सुरुवातीची तारीख कोणती, आणि शेवटच्या वेतनात एमएसपी धरला आहे का. मंजुरीच्या पत्रात ब्रॉड बँडिंग आहे पण पीपीओत 20 च राहिलं, असं झालं असेल तर नवीन अपील करत बसू नका. ती हिशेबातली दुरुस्ती आहे. मंजुरीपत्र जोडून स्पर्शवर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक लिहून ठेवा आणि त्याच क्रमांकाचा उल्लेख करून रेकॉर्ड ऑफिसला दुरुस्तीचा पीपीओ काढण्यासाठी पत्र द्या. पोर्टल न जमणाऱ्यांना सेवाकेंद्रावर हे करून मिळतं. तिथून निघण्यापूर्वी तक्रारीची छापील प्रत मागून घ्या, आणि लॉगिनचा पासवर्ड केंद्रावर कुणाला लिहून देऊ नका.